धाकटीला आलेली भाषा

मंगोलियातल्या ओल्गीत असताना मैराला धड पीठही मळता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ तिथं आहे.

मी काम्का, घरातली थोरली सून. मैरा माझ्या धाकट्या दिराची, झार्किनची बायको. लग्न होऊन आली तेव्हा गाय दुहायला बसली की गाय तिलाच लाथ मारायची. सासूबाईंना आम्ही सगळे अपा म्हणतो. अपा तिच्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, "काम्का, हिला जरा तू शिकव गं." आणि मी शिकवायचे. भिंतीवर टांगायचे भरतकामाचे पडदे आमच्या खोऱ्यात माझ्यासारखे कुणी भरत नव्हतं. लग्न ठरलं की लोक आधी माझ्याकडे यायचे. रस्त्यानं चालले तर दहा दारांतून हाका यायच्या, "काम्का, चहा पिऊन जा!"

मग आमच्या नवऱ्यांनी ठरवलं की कझाक माणसानं कझाकस्तानात राहावं. मंगोलियात किती पिढ्या काढायच्या? अपा म्हणाल्या, मी माझ्या डोंगराखालीच मरणार, तुम्ही जा. आम्ही दोन जोडपी आणि माझी आठ वर्षांची नुराय, असे पाच जण पाव्लोदार शहरात आलो. चौथ्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या.

माझी समजूत अशी की आपण आपल्या माणसांत चाललो आहोत. पहिल्याच दिवशी मीठ आणायला खाली गेले. गल्ल्यावरची बाई आपलीच, आपल्याच नाकाडोळ्यांची. मी आपल्या भाषेत मीठ मागितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बें बें केलं. मग शेजारच्या बाईला रशियनमध्ये (या शहरात आपली माणसंही तीच बोलतात) काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. त्यातला एकच शब्द मला कळला: "मंगोल." मंगोलियात आयुष्यभर आम्ही कझाक होतो. इथं आलो आणि मंगोल झालो.

दार उघडं ठेवलं तर शेजारी येऊन ओढून घ्यायचे. मांस कुटायला घेतलं की खालच्या मजल्यावरची म्हातारी आवाज नको म्हणून नळावर काहीतरी आपटायची. एकदा तिला चहाला बोलावलं. आमचा चहा मिठाचा. तिनं एक घोट घेतला, तो तोंडातच धरून न्हाणीघरात गेली आणि थुंकून आली. मी तिथंच खजील होऊन उभी राहिले. मैरानं मात्र पटकन दुसरा कप भरला, त्यात साखर घातली आणि हातवारे करून म्हातारीला काय काय सांगितलं. म्हातारी हसली. जाताना तिनं मैराचा गाल धरला. माझ्याकडे बघितलंही नाही.

तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं.

तीन महिन्यांत ही पोरगी रशियन बोलायला लागली. चुकत असणार, पण धडाधडा बोलायची. बसथांब्याजवळच्या पावाच्या दुकानात तिला काम लागलं. तिथं तिला माया म्हणत. "माया, दोन काळे पाव! माया, आज केस छान दिसतात!" मी काचेबाहेरून नुसतं 'माया, माया' ऐकायचे; बाकीचं ती रात्री जेवताना सांगायची. जिला साधा पाव भाजता येत नव्हता ती पाव विकत होती, आणि जिच्या हातचं खायला तीन गावं यायची ती चौथ्या मजल्यावर बसून नळावरची आपटाआपट ऐकत होती.

घरात वीज गेली की मैरा फोन करणार. दवाखान्यात जायचं तर मैरा पुढे. झार्किनचं तर सोडाच, माझा नवरा तिलेकसुद्धा म्हणायचा, "थांब, मैरा आली की विचारू." जेवायला बसल्यावर ती दुकानातले किस्से सांगायची आणि दोघे भाऊ हसायचे. मी वाढत असायचे.

हे सगळं मी गिळलं असतं. पण शाळेत पालकांची सभा होती. मी चांगला रुमाल बांधला, तयार झाले, तर नुराय दारात आडवी.

"आई, तू नको येऊस."

"का गं?"

"काकूला येऊ दे. तुला काही कळत नाही. तू नुसती मान हलवतेस, मुलं हसतात."

मैरा म्हणाली, "असं बोलतात का आईला? वहिनी, तुम्हीच जा, मी बरोबर येते."

तिचा तो मऊ आवाज मला चाबकासारखा लागला. "जा तूच," मी म्हटलं. "तुझीच मुलगी असल्यासारखी."

दोघी हात धरून गेल्या. मी रुमाल सोडला आणि दुपारभर त्याच्या घड्या घालत बसले.

दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानावरून जात होते. जेवणाची सुट्टी असावी. मैरा आणि तिच्या बरोबरची रशियन मुलगी गल्ल्यामागे बसून खात होत्या. त्या मुलीनं डब्यातून सॉसेजचा तुकडा काढून मैराच्या पावावर ठेवला, मैरानं खाल्ला. बस, एवढंच बघितलं मी. ते कशाचं होतं ते मला ठाऊक नव्हतं. विचारावंसंही वाटलं नाही.

शुक्रवारी अपांशी फोनवर बोलणं व्हायचं. पडद्यावर त्यांचा चेहरा आला. मागे आमची जुनी चूल दिसत होती.

"धाकटी कुठाय?"

"कामावर. ती असते कुठं घरात? रशियनांतच असते. त्यांचंच खाते."

"त्यांचंच म्हणजे?"

मी क्षणभर थांबले. थांबले होते हे मला आजही आठवतं, म्हणजे मागे फिरायला वेळ होता. मग म्हणाले, "डुकराचं सॉसेज. मी डोळ्यांनी बघितलं."

आम्ही मुसलमान, आमच्यात डुक्कर हराम. फोन बंद झाला.

रात्रीच्या जेवणाला झार्किन तोंड पाडून बसला. "अपा रडत होत्या. तू काय खातेस तिथं?"

मैरा गोंधळली. "कुठं?"

"दुकानात. डुक्कर खातेस म्हणे."

"अरे, कोंबडीचं होतं! माझ्याबरोबर काम करणारी लेना माझ्यासाठी मुद्दाम वेगळं आणते. आणि अपांना हे कुणी सांगितलं?"

मी पीठ लाटत होते. मान वर केली नाही.

"कुणी का सांगेना," झार्किन म्हणाला. "त्यांचं वय झालंय. थोडे दिवस घरी राहा, मग बघू."

"काम सोडू?"

"थोडे दिवस म्हटलं ना!"

मैरानं माझ्याकडे बघितलं. मी लाटत राहिले. ती पोळी इतकी पातळ झाली की फाटली.

पहिला आठवडा मला फार बरा गेला, खोटं कशाला बोलू. घरात पुन्हा मी थोरली झाले. "मैरा, कांदे चिर. मैरा, हे असं नाही, तसं." ती ऐकायची. तिला भरतकाम शिकवायला घेतलं. तिचे टाके वेडेवाकडे पडले की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. दुसऱ्या आठवड्यात ती खूप झोपायला लागली. जेवताना कुणी किस्से सांगेना. तिलेक एकदा म्हणाला, "घर कसं मेल्यासारखं झालंय," आणि ताट सरकवून उठला.

मग एका सकाळी मैरानं बॅग काढली.

"वहिनी, मी ओल्गीला जाते. अपांची गुरं राखेन."

"आणि झार्किन?"

"त्याला यायचं तर येईल."

तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं. मला हेवा वाटला. तिला डोंगर दिसणार, अपांच्या चुलीशी ती बसणार, रस्त्यात तिला हाका येणार. इथंही तीच जिंकली आणि आता तिथंही तीच जाणार. मी काय करायचं, या खिडकीत बसून मरायचं? इतका राग आला की मी तिचे घडी घातलेले कपडे विस्कटून पुन्हा घड्या घालायला लागले, मदत केल्यासारखं.

त्या कपड्यांखाली एक वही होती.

"ही तुम्हाला असू दे," ती म्हणाली. "उपयोगी पडेल." आणि चहा टाकायला गेली.

मी उघडली. एका बाजूला रशियन शब्द, समोर आपल्या भाषेत अर्थ. पाव. सुटे. किती. आधी तुमचा नंबर. पानामागून पानं, प्रत्येकावर पहाटेची वेळ टाकलेली. हिला भाषा अशी वाऱ्यानं उडत येऊन चिकटली असं मी समजत होते. ही तर रोज पहाटे उठून, आम्ही झोपलेले असताना, लिहीत होती. आणि त्याच यादीत, त्याच नीटस अक्षरात, मध्येच: मठ्ठ. हात धुतलेस का. घाणेरडे मंगोल. जिथून आलात तिथं परत जा. प्रत्येकासमोर अर्थ लिहिलेला. एका ठिकाणी अर्थानंतर दोन वेळा गिरवून लिहिलं होतं: "हसायचं. रडायचं नाही."

जेवताना सांगितलेले तिचे किस्से मला आठवले. "आज एक बाई काय म्हणाली माहितीये?" म्हणून ती सांगायची आणि सगळे हसायचो. ती बाई खरंच काय म्हणाली होती ते या वहीत होतं.

मी वही छातीशी धरली आणि जिना उतरले. पावाच्या दुकानात मालकीण गालिना होती, भली दांडगी बाई. मी वहीतून शोधून शोधून एक एक शब्द उचलला. "माया चांगली. मी वाईट. मी खोटं बोलले. माया परत काम."

गालिना माझ्याकडे बघत राहिली. मागे रांग लागली. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "अगं, काय म्हणते ती?"

"म्हणते की ती वाईट आहे," गालिना म्हणाली. इतकं मला कळलं.

"मग मी काय करू?" म्हातारा खांदे उडवत, पावाकडे बोट दाखवत म्हणाला. "मला पाव दे."

लोक हसले. माझे कान तापले, पण मी हलले नाही. शेवटी गालिनानं बोटं दाखवून सांगितलं: गल्ल्यावर आता दुसरी मुलगी आहे. भट्टीवर जागा आहे, पहाटे पाचला. सोमवारपासून.

घरी येऊन मी अपांना फोन लावला. मैरा आणि झार्किन दोघे समोर होते.

"अपा, ते सॉसेज कशाचं होतं मला माहीत नव्हतं. मी बनवून सांगितलं. जळफळ झाली म्हणून."

"कुणाची जळफळ?"

"माझी, अपा."

अपांनी चेहरा पडद्याजवळ आणला. मग म्हणाल्या, "तुझं वय किती, काम्का?"

"एक्केचाळीस."

"मग लाज वाटायला पुरेसं आहे," त्या म्हणाल्या. "धाकटीला फोन दे."

झार्किन ताडकन उठून बाहेर गेला. मैरानं अपांशी बोलून फोन ठेवला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. तुम्ही पोळी फाडलीत तेव्हा."

"मग भांडली का नाहीस माझ्याशी?"

"वाट बघत होते, तुम्ही स्वतः कधी सांगताय याची." तिचा आवाज चिरला. "वहिनी, दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचे मी. वाटायचं, घरी गेलं की निदान आपलं माणूस आहे. आता मला तुमच्याशी बोलायचं नाहीये."

गालिनाचा निरोप मी सांगितला, तिनं बॅग रिकामी केली, पण अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पहाटे उठून भट्टीवर जायची, पीठ लागलेल्या हातांनी परत यायची. बाराव्या दिवशी म्हणाली, "तिंबलेलं पीठ हाताला चिकटतं. काय करू?" मी म्हटलं, "हाताला आधी तेल लाव." झालं, एवढंच. त्याला माफी म्हणायचं की नाही मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मी आता आठवड्यातून दोनदा वाचनालयात रशियनच्या वर्गाला जाते. माझ्या शेजारी चीनहून आलेली एक कझाक बाई बसते. तिचे उच्चार माझ्यापेक्षा साफ आहेत, आणि मास्तरांनी तिला शाबासकी दिली की माझं पेन जरा जोरात टेकतं.

वसंतात मैरा आणि झार्किननं वेगळं घर घेतलं, नदीकाठच्या गल्लीत. मला बोलावलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळी इर्तिश नदी दिसत होती, बर्फ फुटून वाहत चाललेलं. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

"कसं आहे, वहिनी?" तिनं विचारलं.

"फार छान आहे," मी म्हटलं. "मला हेवा वाटतोय."

ती एकदम हसली. "खरं बोलायला लागलात की!" म्हणाली, आणि पडद्याची काठी माझ्या हातात दिली. ती खुर्चीवर चढली. मी खालून काठी धरली.