तुस्सासाठी नवी नळी

पुठ्ठ्याच्या मूसवर, घोड्याएवढ्या त्या शिंगाड्या हरणावर, तीन भोकं. एक खांद्यात, एक पोटात, एक पार मागच्या मांडीत. हिल्दुरचा नेम तिन्ही वेळा खांद्यावरच होता.

ऑक्टोबर, गाडीखालच्या चिखलात कुत्रीच्या अंगाचा ठसा.

दुकानाच्या दारातून एवाल्ड: "पाच मिनिटं थांब, कॉफी गाळतोय."

शिकारीच्या रेडिओवर सिक्स्तेनचा खरखरता आवाज: "कुत्री कानानं गेली, बाराला भिते. एक मोसम देतो तिला, बस्स."

लाकडी फळीवर तीन काडतुसं, उंचीप्रमाणे उभी केलेली.

फळी एवाल्डच्या दुकानातली. हेर्येदालेनच्या डोंगरांत बंदुकीचं काही बिघडलं की लोक एवाल्डकडेच येतात. एप्रिल निम्मा सरला होता, बर्फ अजून दाराशी होता. हिल्दुरनं वडिलांची रायफल फळीवर ठेवली आणि तिची कुत्री, तुस्सा, शेगडीजवळ आडवी झाली.

एवाल्डनं नळीत बारीक दिवा सरकवला आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. मग बोटाचं नख नळीच्या तोंडावरून फिरवलं.

"तुझे बाबा सळई पुढून घालायचे ना, साफ करताना?"

"चाळीस वर्षं. मागचा बोल्ट काढायचा कंटाळा. तुला कसं कळलं?"

"तोंड एका बाजूला झिजलंय. सळई रोज तिथंच घासलेली. गोळी बाहेर पडता पडता धक्का खाऊन जाते. गोळीला फिरवणारा आतला पीळही पुसट झालाय म्हणा, पण खरा चोर हा."

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"तुझीही असेल. मी तुला उडवताना कुठं पाहिलंय?"

हिल्दुर हसली, पण लगेच तिची नजर कुत्रीकडे गेली. नळी बदलायची हे ठरलेलंच होतं. प्रश्न कॅलिबरचा, गोळीच्या जाडीचा होता. बोल्ट तोच ठेवून तिन्ही काडतुसं चालणार होती: बारीक साडेसहा, सध्याचं तीस-शून्य-सहा आणि जाडजूड नऊ-तीन.

"सिक्स्तेन म्हणतो, साडेसहा घे. आवाज कमी, कुत्रीला भीती कमी." सिक्स्तेन गावच्या शिकारी टोळीचा म्होरक्या. कोणाची कुत्री मोकळी सोडायची, हे तोच ठरवायचा. "या शरद ऋतूत ती बार ऐकून पळाली, तर पुढच्या वर्षी त्याच्या भाच्याची कुत्री. तुस्सा घरी. आणि मी नुसती वाट बघत उभी राहीन कुठल्या तरी पायवाटेच्या टोकाला."

"ऑक्टोबरात झालं काय नक्की?"

"तीन बार झाले, ती गाडीखाली जाऊन बसली."

"कितव्या बारानंतर?"

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. "पहिल्या बाराला ती… पुढे गेली. नेहमीसारखी, मूसच्या तोंडाकडे. मूस पडायला हवा होता ना. तो वळला आणि पुढच्या खुरानं तिला उडवली. दोन बरगड्या. उरलेले दोन बार मी मारले, तोवर ती रस्त्यावर होती."

एवाल्डनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "चल, एक गंमत करू."

दुकानामागे गोळी तपासायची जागा होती, मातीच्या ढिगाऱ्यासमोर. हिल्दुरनं तुस्साला वीस पावलांवर सॉसेजचे तुकडे टाकले. एवाल्डनं एका ग्राहकाची नऊ-तीन आणली आणि कानाला बोंडं लावून बार काढला. पत्र्याच्या छपरावरचा बर्फ घसरला.

तुस्सानं मान वर केली. पळाली नाही. ढिगाऱ्याकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, पुन्हा ढिगाऱ्याकडे. मग उरलेलं सॉसेज खाल्लं.

"काय शोधत होती ती?" हिल्दुरनं विचारलं.

"तूच सांग. तुझी कुत्री आहे."

"काय पडलं ते."

एवाल्डनं खांदे उडवले, पण तो खूश दिसत होता. "सहा वर्षं तिचा हिशोब सरळ होता. बार म्हणजे मूस खाली. एक दिवस बार झाला आणि मूस तिच्या अंगावर आला. आवाजावर नाही गं, ती तुझ्यावर रुसलीय."

"मग नऊ-तीन. एका बारात मूस आडवा."

"तुझा खांदा?"

"खांद्याला समजावीन मी. कुत्रीला कोण समजावणार?"

"सिक्स्तेन तुला वेडी म्हणेल."

"तो मला लग्नाच्या दिवसापासून म्हणतोय. त्याच्याशी केलं नाही म्हणून."

नळी मे महिन्यात बसली. नव्या कॅलिबरचा परवाना पोलिसांकडून त्याच आठवड्यात आला. जून, जुलै हिल्दुर नेमबाजीच्या मैदानावर होती: रुळांवरून धावणारा पुठ्ठ्याचा मूस, तिचा निळा पडलेला खांदा, आणि मागच्या बाकावरून मित्रमंडळींचे टोमणे: "हिल्दुर, तोफेला चाकं लाव!"

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, दलदलीच्या कडेच्या स्प्रूसच्या झाडांत तुस्सा भुंकायला लागली. एका जागी, न थांबता. म्हणजे मूस उभा होता. हिल्दुर शेवाळावरून पाऊण तास सरकत गेली. चाळीस पावलांवर तांबूस कूस दिसली, आणि मूसपासून बऱ्याच अंतरावर तुस्सा. पूर्वी ती इतकी लांब राहत नसे.

हिल्दुरनं डोळे उघडे ठेवले. बार केला.

तुस्सा वळली. शेपूट खाली, थेट रस्त्याच्या दिशेनं, पाच उड्या, सहा. मूस दोन पावलं चालला. मग फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि जमीन किंचित हलली.

तुस्सा थांबली. मान फिरवून बघत राहिली. हिल्दुरनं हाक मारली नाही. जागची हललीही नाही. रेडिओ खरखरला: "एकच बार ऐकला. कुत्री कुठंय?"

तुस्सा एक एक पाऊल टाकत आली. आधी मागच्या खुरांपाशी हुंगलं, झटकन मागं सरली, पुन्हा हुंगलं. मग मानेशी गेली आणि तोंडभर केस उपटले, पडलेल्या मूसचे केस उपटणं हा तिचा नेहमीचा हक्क होता.

"सिक्स्तेन," हिल्दुर म्हणाली, "कुत्री कामात आहे. मूस ओढायला दोरी घेऊन ये."

ऑगस्टमधल्या नेमबाजीच्या चाचणीत हिल्दुर पहिल्या फेरीत नापास झाली होती. नळी नवी होती; बार निघताना तिचेच डोळे मिटत होते.