नाव नसलेली चक्कर

बसा हो, सरकतो मी. विमानाला वेळ आहे अजून, आत जाऊनही ताटकळायचंच आहे. त्यापेक्षा एक गोष्ट ऐका. पटली नाही तर सोडून द्या, पण मी माझ्या या डोळ्यांनी बघितलंय.

तो बघा, नळाशी बाटली भरतोय ना, तो माझा थोरला भाऊ. दादा. आम्ही दोघं लिफ्टवाले. लिफ्ट बसवायच्या, दुरुस्त करायच्या, अडकलेली माणसं बाहेर काढायची. दादाचा खाक्या असा की लिफ्टमधून जरा वेगळा आवाज आला की 'बंद आहे'ची पाटी लागलीच. मग मालक येऊन डोकं आपटेना का!

"अहो, झालंय काय ते तरी सांगा!"

"ते कळलं असतं तर पाटी कशाला लावली असती?"

असा हा प्राणी.

तर दादाची लेक परदेशात, पहिलटकरीण. दोघांची तिकिटं काढलेली, बॅगा दारात उभ्या. वहिनीनं दुपटी शिवून शिवून घरात पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती. राहिला होता फक्त प्रवासाचा विमा. तो फोनवर काढायचा. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला, भोवती आम्ही तिघं चहा पीत. पलीकडून विमावाली पोरगी विचारतेय.

"शुगर आहे का, काका?"

"नाही."

"बीपी?"

"नाही."

वहिनी मध्येच, "उठता-बसता डोक्यात राख घालतात, ते कशात धरता हो?"

पोरगी हसली. मग म्हणाली, "असा काही त्रास, की ज्याचं अजून निदान झालेलं नाही, पण डॉक्टरांनी तपासणी सांगितलीये?"

दादानं कप खाली ठेवला. म्हणाला, "होय. चक्कर येते. लिफ्टच्या टपावर काम करताना आली, दोनदा. डोळ्यांपुढं एकदम अंधार. डॉक्टर म्हणाले, हृदय तपासून घ्या. मी म्हटलं, लेकीकडून आल्यावर बघू."

वहिनीचा कप आदळला. मी फोन तळहाताखाली दाबला.

"दादा, येडा झालास काय? रोगाला नाव नाही, मग रोग कसला? 'नाही' म्हण!"

"आवाज आलाय," दादा म्हणाला. "कसला ते कळलं नाही, म्हणून आलाच नाही म्हणू?"

आणि माझा हात बाजूला केला त्यानं. पोरगी बिचारी हळूच म्हणाली, तपासणी झाल्याशिवाय आम्हाला विमा देता येणार नाही, काका.

वहिनी भडकली. "माझ्यापासून लपवलंत आणि परक्या पोरीला सांगितलंत?"

"तिनं विचारलं."

"मग मी काय रोज दारात विचारायचं होतं, अहो, आज टपावर चक्कर आली का म्हणून?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. अंधारी खोली. एका बाईनं दादाच्या छातीला थंडगार चिकट काहीतरी लावलं, त्यावर एक दांडकं फिरवलं, आणि पडद्यावर ते दिसलं.

मी आपला हृदय म्हणजे पत्त्यांतल्या बदामासारखं समजत होतो. तसलं काही नव्हतंच! काळोखात एक काहीतरी जिवंत. दोन पातळ पाकळ्या उघडतायत, मिटतायत. मोटर नाही, दोर नाही, कुणी बटण दाबत नाही. आमच्या आईच्या पोटात चालू झालेलं ते. हा झोपला तरी चालू, माझ्याशी भांडला तरी चालू.

आणि मग ते थांबलं.

पाकळ्या जिथल्या तिथं. बाईचा हात जागच्या जागी. वहिनीनं माझं मनगट असं आवळलं की विचारू नका. दादा पडद्याकडंच बघतोय, पापणी नाही. आणि हललं! परत सुरू, जसं काही घडलंच नाही.

"दिसलं?" बाई म्हणाली. "हीच तुमची चक्कर."

दादानं विचारलं, "मग आता हे बंद करून दुरुस्त करणार?"

"बंद करून कसं चालेल, काका? चालू असतानाच करतात."

वीज तोडल्याशिवाय जन्मात लिफ्टला हात न लावलेला माणूस तो. आडवा पडल्या पडल्या त्यानं हात जोडले. कुणाला, ते त्याचं त्याला ठाऊक.

खांद्याखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं, पेसमेकर. वहिनी एकटीच गेली. नात झाली तेव्हा हा इकडं. लेक फोनवर रडली, "बाबा, विमावालीला एकदा 'नाही' म्हटलं असतंत तर आज इथं असतात."

"असतो की," दादा म्हणाला. "भिंतीवर."

पुढं सगळं खरं खरं सांगून विमा मिळाला, आणि आज निघालाय. एकटा, पहिल्यांदाच विमानात. तुमच्या तिकिटावर तेच गाव दिसलं, म्हणून हाक मारली. तो शेजारी बसला की ही गोष्ट सांगणारच. मी आधीच सांगितलीये हे कळू देऊ नका. आणि 'ते थांबलं' म्हणाला की तो स्वतःही थांबतो, कुठंतरी बघत राहतो. तेवढा वेळ मध्ये बोलू नका, थांबा त्याच्यासाठी. एवढं कराल ना?