अक्काची नवमी

चंद्रमौलींना वंशावळीचं वेड मुळीच नव्हतं. कुंभकोणमच्या टपाल कचेरीत जन्मभर जित्या माणसांचे पत्ते शोधले, आता मेलेल्यांचे कुठे शोधत बसू, असं त्यांचं रोखठोक म्हणणं. पण त्यांची लेक पंकजा हट्टाला पेटली होती. चंद्रमौलींच्या आजोबांच्या, गोपालकृष्णांच्या, दिनचर्येच्या वह्या तिने पेटीतून उपसल्या नि भलामोठा कागद पसरून बसली.

"अप्पा, तुमच्या आजीचं नाव?"

"जानकी. हे काय विचारणं झालं? तिनेच तर मला वाढवलं."

पंकजाने एकोणीसशे एकवीसची वही पुढे सरकवली. 'सुंदरीस तिरुक्करुगावुरास नेऊन आणिले. गर्भरक्षांबिकेस तूप वाहिले.' पुढल्या पानावर, 'पुत्र झाला. वैद्यनाथ नाव योजिले.' आणि त्याखाली, 'सुंदरी बाराव्या दिवशी गेली. वय सतरा.'

वैद्यनाथ म्हणजे चंद्रमौलींचे वडील. म्हातारा हबकलाच.

"मग जानकी कोण?" तोंडातून निघून गेलं, आणि लगेच लाज वाटली. जिच्या कुशीत लहानाचे मोठे झालो, तिला कोण म्हणून विचारायचं!

उत्तर दोन वर्षांनंतरच्या वहीत होतं. 'जानकी घरी आली. मूल कोणाचे सांगायचे, विचारू लागली. तुझेच, म्हणालो. म्हणाली, बरे, पण अक्काची नवमी मी चुकू देणार नाही.'

अक्का! चंद्रमौलींना आठवलं. दर भाद्रपदात, अहेवपणी गेलेल्या बायकांच्या नवमीला, जानकी एक सवाष्ण जेवू घालायची, तिला लुगडं द्यायची. वाढून झालं की पानाशी वाकून पुटपुटायची, "अक्का, लेकरू बरं आहे हो." तिच्या माहेरची कोणी थोरली बहीण असेल, असं चंद्रमौलींनी लहानपणापासून धरून ठेवलेलं. जानकी गेली, त्या वर्षी आईने विचारलं, "सवाष्ण सांगायची ना?" आणि पंचविशीतल्या या शहाण्याने फटकन सांगून टाकलं, "तिच्या माहेरचं तिच्याबरोबर गेलं. आपल्याला काय त्याचं?"

"पन्नास वर्षं, पंकजा," ते म्हणाले. "सवत असून जानकीने तिला जन्मभर जपलं. आणि मी सख्खा नातू, मी तिला उपाशी ठेवलं गं!" म्हातारा हमसून हमसून रडला. पंकजाने पाठीवरून हात फिरवला आणि पंचांग काढलं. नवमी परवावर आली होती.

नवमीला शेजारची भुवनेश्वरी सवाष्ण म्हणून जेवायला बसली. केळीच्या पानावर पुरणपोळी होती, दह्यात कालवलेली डांगर पच्चडी होती, आणि नवं लुगडं तिच्या मांडीवर. भिंतीवरच्या कागदावर सुंदरी आणि जानकी, दोन्ही नावं शेजारी शेजारी लागली होती. चंद्रमौलींनी स्वतः तूप वाढलं. गुडघे कुरकुरत होते, तरी ते पानाशी वाकले.

"आजी," ते हळूच म्हणाले, "लेकराचं लेकरू बरं आहे हो. जरा मूर्ख निघालं, तेवढं पोटात घाल."