ऑइलची काच

साहेब, रस्त्यात चर तुम्ही खणलात. पाइप टाकून झाल्यावर तो बुजवला नाहीत, भोवती पत्रे लावले नाहीत, दिवा तर सोडाच, साधी फीतही बांधली नाहीत. आणि त्यात मोटरसायकलसकट पडून एक तरुण पोर गेल्यावर चौकशीला माणूस पाठवलात, तो कशाच्या चौकशीला? गाडीच्या!

होळीच्या सुमारास तुमचा तो माणूस दहिसरला चंद्रप्रकाश राण्याच्या इमारतीत आला. तोवर चर डांबराखाली गडप झाला होता. त्याच्या मुलाची, निहारची गाडी मात्र पोलीस चौकीतून सुटून पार्किंगमध्ये जिन्यामागे उभी होती. रस्त्यावर आणि डोंगरात, दोन्हीकडे चालणारी उंच, काटकुळी गाडी. हँडल वाकलेले, पुढचा दिवा फुटलेला. माणूस उकिडवा बसला, इंजिनाखालच्या काळ्या डागाला बोट लावले, ते लादीला पुसले आणि म्हणाला, "गळतेय की हो गाडी. मागच्या चाकाला ऑइल लागलं की सरकणारच."

चौकशी संपली. पुढे कागदावर तेच आले: वाहनात दोष, चालकाचा निष्काळजीपणा.

चंद्रप्रकाशला कागदाचे एवढे काही वाटले नाही. गोरेगावच्या औषध कंपनीच्या गोदामात त्याची हयात गेली होती. कागदावर काय काय लिहितात ते त्याने पाहिले होते. त्याला लागले ते दुसरेच. त्याच्या बायकोचा, सुगंधाचा त्यावर विश्वास बसला.

"सांगत होते त्याला, डोंगर बास झाले, आधी गाडी दाखव कुणाला तरी," ती भाजी चिरता चिरता म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. "ऐकलंन कधी?" निहारच्या फोटोला ती रोज हार बदलायची, पण मान वर करून त्याच्याकडे बघायची नाही. आई मेलेल्या पोरावर रुसली होती. अशा घरात दोन माणसांनी जेवायचे कसे?

म्हणून वैशाखातल्या एका रविवारी सकाळी चंद्रप्रकाशने राजेश मेस्त्रीला बोलावले. राजेशचे गॅरेज चेकनाक्याच्या अलीकडे. निहारची गाडी तोच बघायचा, शेवटची सर्व्हिसिंगही त्याचीच.

"दुरुस्त नाय करायची रे. फक्त सांग. ही तेव्हाही गळत होती काय?"

"काका, मी पोराला गळकी गाडी देईन?"

"तसं नाय..."

"तसंच. दोन महिने लोक माझ्याकडे तसंच बघतायत. कोण तो आला, बोट लावून गेला. त्याच्या आयला..." राजेशने जीभ चावली. जिन्यावरून सुगंधा येत होती. ती शेवटच्या पायरीवर थांबली. गाडी आल्यापासून ती तिथेच थांबायची, पुढे येत नसे.

"शिव्या कशाला देतोस? डाग दिसत नाय तुला?" ती म्हणाली.

"डाग खाली दिसतो काकी. गळती कुठून होते ते वरून शोधावं लागतं." राजेशने डिझेलचा बोळा घेऊन इंजिन घासायला सुरुवात केली. "पावडर आहे घरात? तोंडाला लावायची."

"कशाला? नटवायचीय तिला?"

"हो, मुलगी दाखवायचीय. आणा तुम्ही."

सुगंधा वर गेली आणि घामोळ्याच्या पावडरचा डबा घेऊन आली. निहारचाच होता. तो तिने पायरीवरूनच नवऱ्याच्या हातात दिला.

राजेशने कोरड्या इंजिनावर सगळीकडे पावडर उडवली. पांढरे फटक झालेले इंजिन चालू केले. तिघेही बघत राहिले. जिथून ऑइल येईल तिथे पावडर काळी पडणार, एवढे सुगंधालाही कळले. ती खालच्या पायरीच्या कडेवर आली होती.

इंजिन धडधडत राहिले. इंजिनाच्या डोक्याचा जोड पांढरा. बाजूची झाकणे पांढरी. चेनकडचे सील पांढरे. चंद्रप्रकाशने लादीवरच्या डागाकडे पाहिले. गळतच नसेल तर मग डाग कसला?

"थांबा, थांबा," राजेश वाकला. सीटखालून एक बारीक नळी खाली सोडलेली होती. तिच्या टोकाला थेंब जमला, लोंबला, पडला. मागोमाग दुसरा. राजेशने गाडी बंद केली आणि बाजूचा पत्रा काढून हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर ऑइलने थबथबला होता.

"वाट लागली! काका, ही गळत नाही. ही ओकतेय."

"म्हणजे?"

"पोट फुटेस्तोवर जेवल्यावर माणूस काय करतो? ऑइल जास्त झालंय, इंजिन ते वर फेकतंय. कोण घालतं ऑइल?"

"मी," चंद्रप्रकाश म्हणाला. मग सांगू लागला. गाडी चौकीतून आली त्या दिवसापासून रोज आंघोळ झाली की तो देवाच्या दिव्यात तेल घालायचा, मग खाली येऊन गाडी चालू करायचा. इंजिनाच्या उजव्या अंगाला ऑइलची गोल काच असते, तिच्यात बघायचा. काच रिकामी दिसायची. मग थोडे घालायचा. परत काही दिवसांनी रिकामी. परत घालायचा.

"काच बघता कशी? अशी? स्टँडवर?"

"मग कशी बघू? एवढी उंच गाडी, मला एकट्याला सरळ धरता येते काय?"

"अहो काका, स्टँडवर गाडी डावीकडे कलते ना. ऑइल सगळं तिकडे जातं. काच रिकामीच दिसणार! निहार कशी बघायचा?"

"तो वर बसायचा," चंद्रप्रकाश म्हणाला. "पाय टेकून. आणि म्हणायचा, बाबा, काच बघा. मी खाली बसून बघायचो. मला वाटायचं, वर बसायची हौस त्याला."

राजेशने फिल्टरचा डबा बंद केला. मग हलकेच म्हणाला, "दाखवतो. ऑइल खाली उतरलं असेल आता. काका, तुम्ही काचेपाशी बसा. मी या बाजूने उचलतो. हँडल वाकलंय, पलीकडून कोणीतरी धरायला हवं, नाहीतर तुमच्या अंगावर येईल." त्याने आजूबाजूला पाहिले. रविवार सकाळ, पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हते. "काकी..."

सुगंधा पायरीवर उभी होती. चंद्रप्रकाश म्हणाला, "राहू दे रे. वॉचमनला हाक मार."

"वॉचमन कशाला?" असे म्हणत ती उतरली. पदर खोचला, गाडीला वळसा घालून आली आणि दोन्ही हातांनी हँडल पकडले. तिथले रबर झिजले होते, ज्या मुठीने झिजले होते ती मूठ तिला पाठ होती. तिने डोळे मिटले नाहीत. "उचल," राजेशला म्हणाली.

गाडी सरळ झाली. चंद्रप्रकाश फरशीवर मांडी घालून काचेत बघत होता. रिकाम्या काचेत ऑइल आले, खालच्या रेघेवर चढले, वरची रेघ ओलांडली आणि काच काठोकाठ काळी झाली.

"दिसलं?" राजेश म्हणाला. "हे तुम्ही घातलेलं. मी दिली तेव्हा दोन रेघांच्या मधोमध होतं. हाच डाग बघून गेला तो."

चंद्रप्रकाश उठेना. लहानपणी चाळीत त्यांच्या घरी पाणी पहाटे यायचे आणि बघता बघता जायचे. थोरला म्हणून नळावर तो. हंडा, कळशी, तांब्या, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायचा. तेव्हापासून अपुरे भांडे त्याला बघवत नसे. चहाचा कप त्याच्या हातचा असला, तर पहिला घोट वाकूनच घ्यावा लागायचा.

"म्हणजे मीच," तो काचेकडे बघत म्हणाला. "मीच कारण दिलं त्यांच्या हातात."

"म्हणजे माझ्या झिलाची चूक नाय," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. इतक्या महिन्यांचा शीण त्यात होता, आणि त्याच्याखाली कुठेतरी काहीतरी सुटले होते. "गाडी धड होती त्याची. सांभाळून होता तो."

"होता काकी."

"सुगंधा, मी ऑइल..."

"तुम्ही जल्मात कधी काय बेताने भरलंत?" तिचे दंड थरथरू लागले होते, तरी तिने गाडी कलू दिली नाही. "राजेश, जास्तीचं काढ. रेघेपर्यंत आण. आणि तुम्ही रडू नका, काच बघा. मी धरलीय."

राजेशने एका हाताने आपल्या बाजूचा भार पेलला आणि पायाने ट्रे खाली सरकवला. खालचा नट सैल केला. ऑइलची बारीक धार लागली. चंद्रप्रकाशने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि तोंड काचेजवळ नेले.

तर साहेब, डागाचा हिशोब लागला. ते ऑइल राण्याचे होते. चंद्रप्रकाशने स्वतःच्या बायकोसमोर, फरशीवर बसून ते कबूल केले. त्याची बायको अजून गाडी सरळ धरून उभी आहे.

आता तुम्ही बोला. चर कोणाचा होता?