रिठ्याचं पाणी

नवरा जाऊन इतके दिवस झाले, तरी धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस निघेना. पुढच्या खोलीत जमलेल्या बायकांत आत्याबाई कुजबुजल्या, "दगड आहे नुसता!"

धाकटीला ऐकू आलं. लागलं मात्र काहीच नाही.

स्वयंपाकघरात थोरल्या जाऊबाईंनी घरच्या शाम्पूसाठी दुप्पट रिठे उकळले, कुस्करून गाळले. झोंबू नये म्हणून घालायची ती कोरफड मुद्दाम वगळली.

"चल, न्हाऊ घालते. डोळे मिटू नकोस हं."

"झोंबेल ना, जाऊबाई?"

"झोंबू दे गं. त्यांची तोंडं तरी बंद होतील."

न्हाऊन धाकटी लालभडक डोळ्यांनी बाहेर आली.

"रडली बाई एकदाची!" आत्याबाई विरघळल्या.

धाकटी दुसऱ्या कुणाचे पुसावेत तसे आपले केस पुसत राहिली. हुंदका फुटला तो शेजारी उभ्या जाऊबाईंना.