मालोजी येऊन बसला त्या दुपारी

बटण भलत्याच काजात गेलं होतं, आणि त्यामुळे किसनच्या सदऱ्याची एक बाजू गळ्याशी वर ओढली गेलेली. त्याची बायको कस्तुरा ते नुसतं पाहत राहिली. उठून नीट लावावं... पण सकाळी तिनं हात पुढं केला तेव्हा तो अंग चोरून भिंतीला चिकटला होता, मार बसणार असल्यासारखा.

दिवाळीपासून तो कामावर गेला नव्हता. भोसरीच्या एका शेडमध्ये तो आणि मालोजी पत्रा कापायच्या प्रेसवर जोडीनं काम करायचे. मालोजी पत्रा सरकवायचा, किसन पायानं पेडल दाबायचा. एका दुपारी पेडल दाबलं गेलं, आणि मालोजीचा हात अजून आतच होता. चूक कुणाची नाही, असं सगळे म्हणाले, मालोजीचा भाऊसुद्धा. किसन काहीच म्हणाला नाही. मग हळूहळू तो कशाबद्दलच काही म्हणेनासा झाला.

नळावर शेजारच्या इंदुताईंनी विचारलं की ती ‘ताप आहे’ म्हणायची. इतका लांबलेला ताप — त्यांच्या डोळ्यांत ते दिसायचं. डोक्याचं आहे म्हटलं तर चाळीत कोण दारात उभं करील... आणि मी तरी याला एकटं कसं सोडू? नदीवर धुणं न्यायचं सोडलं मी, कारण परत येईपर्यंत हा... पवनेचं पाणी जवळ आहे, रेल्वेचे रूळ त्याहून जवळ. पुढचं ती मनातसुद्धा पुरं करत नसे.

दारात सावली पडली. मालोजी होता. उजवी बाही कोपराशी दुमडून टाचलेली. आता हा जाब विचारणार... ती आडवी उभी राहिली.

“झोपलेत ते.”

किसन समोर बसलेला दिसत होता. मालोजीनं चपला काढल्या, तिला वळसा घालून आत आला आणि किसनशेजारी भिंतीला टेकून बसला. 

“मला झोप न्हाई लागत, किसन,” तो म्हणाला. “नसलेला हात खाजतो. घरी सांगितलं तर घाबरत्याल. तुलाच सांगावं वाटलं.”

किसनची मान वळली. ओठ हलले.

“कुठं खाजतो?”

किती दिवसांनी तो आवाज... कस्तुरानं पदर तोंडाशी धरला.

“तळव्याला. इस्पितळात एक डागदर हायेत, मनाचं ऐकून घेत्यात. उद्या जायाचंय. एकट्याला भ्या वाटतं. येतोस?”

किसन गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला, मोठ्यानं, चाळीला ऐकू जाईल असं. ती धावली, मालोजीनं डाव्या हातानं तिला थांबवलं.

“रडू द्या. वहिनी, तुम्ही जेवलात का?”

तिला आठवेना. भाकरी थापली होती, त्याच्यापुढं ठेवली होती... नंतर? हे कुणी विचारलंच नव्हतं तिला. ‘हो’ म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “न्हाई.”

 ती होती तिथंच खाली बसली. किसन रडत होता, उद्या जाईल की नाही कळत नव्हतं, भीती होती तशीच होती — आणि तरी आपण घटकाभर त्याच्यावरची नजर काढली तर चालेल, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटले.