फियाटची हनुवटी

माणसाला लग्नाची घाई झाली की तो आधी आरशात बघतो. मी गाडीकडे बघितलं. आरशात बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. वय बत्तीस, परभणीत कारकुनी आणि पुढून मागे सरकत चाललेले केस, एवढंच भांडवल. पण आमच्या दारात फियाट होती. वडील म्हणजे गोविंदराव मास्तर. त्यांनी निवृत्तीनंतर एका डॉक्टरची वापरलेली फियाट घेतली होती. ती शनिवारी पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन यायची आणि उरलेला आठवडा गोधडी पांघरून झोपायची.

मुलगी सेलूच्या बन्सीधररावांची, लीला. मानवतच्या शाळेत शिकवायची. तिला मी एकदा बघितलं होतं. आमच्या साहेबांबरोबर तपासणीला गेलो होतो, तेव्हा ती सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाली होती, "तपासायला येतानी खडूची एक पेटी तरी आणायची." साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं आणि माझं काळीज जागेवरून हललं. त्यानंतर कितीतरी दिवस मला ऑफिसात खडूच दिसत होते. शेवटी लाज गुंडाळून आईला सांगितलं, मध्यस्थ गाठला. ठरलेली पहिली तारीख नामांतराच्या बंदमध्ये गेली, दुसरी फेब्रुवारीअखेरची धरली. याआधी ज्या ज्या घरी पोहे खाल्ले, त्यांनी "कळवतो" म्हटलं होतं आणि कुणीही कळवलं नव्हतं. त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. हिनं नाही म्हटलं तर मात्र मला वाटणार होतं, आणि लय वाटणार होतं.

म्हणून मी गाडी सुधारायला घेतली. स्वतःला सुधारण्यापेक्षा ते सोपं होतं.

औरंगाबादला एका न्हाव्याच्या दुकानात परदेशी गाड्यांचं मासिक चाळताना मला ज्ञान झालं होतं. वेगवान गाड्यांच्या पुढच्या बंपरखाली एक काळी पट्टी असते. तिला स्पॉयलर म्हणतात, आणि तिच्यामुळे वारा गाडीला उचलत नाही. आमच्या फियाटला आजवर वाऱ्यानं उचललं नव्हतं, चढावर आम्हालाच उतरून ढकलावं लागायचं. पण एवढा खोल विचार करायला मी नवरदेव कशाला झालो असतो? तिथल्याच भंगारबाजारात कॉन्टेसा नावाच्या मोठ्या गाडीची तसली पट्टी मिळाली. ती एसटीच्या टपावर टाकून परभणीला आणली आणि जिंतूर रोडच्या मुंजाजीच्या गॅरेजात नेली.

मुंजाजी एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची कामं करायचा. त्यानं पट्टी फियाटखाली धरून बघितली. दोन्ही बाजूंनी वीतवीतभर बाहेर.

"साहेब, हे दुसऱ्याची हनुवटी हाय. थोराड गाडीची."

"कापून बसव."

"कडा कापल्या तर गोलाई जाती. मधून कापून जोडावी लागंल." मग तो खाली वाकला. "अन् जमिनीपासून चार बोटं बी राहीना झाली. हे लावायचं कशाला?"

मी त्याला वाऱ्याचं शास्त्र समजावलं. शंभरच्या पुढे गेलं की गाडी तरंगायला लागते, वगैरे. मुंजाजीनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमची कवा गेल्ती शंभरनं?"

मी म्हणालो, "तू बसव."

त्यानं मधून कापली, आतून पत्रा घालून रिव्हेट मारले, आणि खाली मोठे नटबोल्ट असे आवळले की ट्रॉलीही लटकली असती. घरी आणल्यावर वडिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडीला दाढी कशाला?" आईनं मात्र हळदीकुंकू वाहिलं. तिला वाटलं, नवीन वस्तू आहे.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. वडील पुढे, फेटा बांधून. आई मागे, मांडीवर पेढ्यांचा पुडा. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर. मानवत ओलांडून सेलूच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी झोकात होती. खड्डा आला की हनुवटी कर्र वाजायची आणि वडील "नरसिंहा" म्हणायचे, तेवढंच.

आमच्याकडे डांबरी रस्ता सरकार गाड्यांसाठी करतं आणि लोक खळ्यासाठी वापरतात. पीक काढलं की रस्त्यावर पसरायचं. एसटी, ट्रक, बैलगाड्या वरून जातात आणि फुकटात मळणी होते. जन्मल्यापासून हे मी बघत आलो होतो. लहानपणी राखणीला बसलोही होतो. आणि या रस्त्यावरून जाण्यासाठी मी जमिनीपासून चार बोटांवर लोखंडी पट्टी बांधून घेतली होती.

पुढे करडी, म्हणजे काटेरी करडई, पसरलेली होती. सवयीनं मी गाडी तशीच वर घातली.

चाकांखाली काही आलंच नाही. हनुवटीनं करडी नांगरासारखी ओढत नेली. ढीग वाढत वाढत बोनेटच्या वर आला, समोरचा रस्ता दिसेना, आणि गाडी घरघरून बंद पडली. मागे धुतल्यासारखा स्वच्छ डांबरी पट्टा उरला होता. बाभळीखालून एक म्हातारी धावत आली. ती दगडाबाई, करडी तिचीच होती.

"आरं मुडद्या! मळायला टाकली म्या, तू गोळा करून कुठं न्यायलास?"

मी उतरलो. वडिलांनी आतूनच हात जोडले. करडी पहाटेच्या दवात काढतात, कारण तेव्हा काटे मऊ असतात. आम्ही अडकलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं आणि काटे सुयांसारखे ताठ झाले होते. बंपरखाली हात घालून एकेक झाड उपसताना माझ्या दोन्ही हातांची चाळण झाली. दगडाबाई शेजारी उभी राहून कुठं राहिलं ते दाखवत होती. सगळी करडी पुन्हा पसरून झाल्यावर मला वाटलं, सुटलो.

"आता फिरव गाडी हिच्यावरून," ती म्हणाली. "माझा येळ घालवलास तू."

पुढे गेलो की पुन्हा ढीग होणार. नट काढायला पाना नव्हता. मग तिनंच सुचवलं, "मंग उलटी घाल की!" उलटी गेली की हनुवटी करडीवरून नुसती घसरत होती आणि चाकं आपलं काम करत होती. पुढे रिकाम्या कडेनं यायचं आणि उलटं जायचं, असा नवरदेव मळणी करत राहिला. आई मागे पुडा छातीशी धरून बसली होती. एवढ्यात सेलूची एसटी आली आणि वाट मिळेपर्यंत थांबली. खिडक्यांतून सगळी बस आम्हाला बघत होती. एका धोतरवाल्यानं तर वाकून विचारलं, "पाव्हणं, कुणीकडचे?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "परभणीचे. सेलूला चाललोय, मुलगी बघायला."

तो लीलाचा मामा होता, हे पुढे सेलूत कळलं. आमच्या आधी तो पोचला होता.

बन्सीधररावांच्या बैठकीत शिरलो तेव्हा लोक आमच्याकडे बघायचे आणि मग घाईघाईनं दुसरीकडे बघायचे. दारात मुलं फियाटच्या हनुवटीतून करडी उपसत होती. लीला पोहे घेऊन आली. ताटली हातात घेताना काटे आणखी आत गेले आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मामानं धोतराचा सोगा तोंडाला लावला.

"तुमाला काय इचारायचं ते इचारा," बन्सीधरराव म्हणाले.

मी ताटली जपून खाली ठेवली. तेव्हा लीलाच म्हणाली, "मी विचारू का?"

मामानं तोंडावरचा सोगा खाली घेतला.

"मागं आमच्या शाळेत साहेबासंगं आलते ते तुमीच ना? साहेब जीपमधी निघून गेले अन् तुमी एसटीची वाट बघत व्हरांड्यात बसलते. शाळेतल्या मावशीनं चहा दिला तर कप स्वतः विसळून ठेवला तुमी. मी ते बघितलं होतं." ती थांबली. "त्या माणसाचं स्थळ आलं म्हणून मी हो म्हणलं, येऊ द्या. आज ह्या गाडीतून कोण आलंय, ते मला कळंना गेलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काट्यांमुळे आलं असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. जे मिळवण्यासाठी मी औरंगाबादच्या भंगारात हिंडलो, ते एक कप विसळून माझ्या हाती आलेलं होतं, आणि मीच ते घालवायला निघालो होतो.

"तोच आलोय," मी म्हणालो. "पुढून जरा वाढवलंय, एवढंच."

"काढता येतंय का?"

"येतंय. पाना नाही."

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती वडिलांच्या लुनाचा पाना घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. मग काय, पांढऱ्या शर्टानिशी मी गल्लीत फियाटखाली पाठीवर झोपलो. अर्धं सेलू जमलं. मुंजाजीचे नट जन्माचे आवळलेले. तरी घामाघूम होऊन, मामाचे सल्ले ऐकत, ती हनुवटी एकदाची खाली पाडली.

निघताना बन्सीधरराव म्हणाले, "कळवतो." मी पाना लीलाला द्यायला गेलो, तर ती म्हणाली, "राहू द्या तुमच्याजवळ. पुढच्या टायमाला आणा."

परतीच्या वाटेला लागलो. 'कळवतो' मला पाठ होतं. कॉन्टेसाची हनुवटी मागच्या सीटवर आईच्या शेजारी आडवी पडली होती. बाभळीपाशी दगडाबाईनं हात करून गाडी थांबवली आणि खिडकीतून आत बघितलं.

"काढली वाटतं? आण इकडं. करडी ओढायला बरी हाय ती."

मी देऊन टाकली. तिनं दोन्ही हातांत धरून रस्त्यावरची करडी ओढून बघितली आणि खूश झाली. मग विचारलं, "काय म्हणली पोरगी?"

"काही नाही. बाप म्हणाला, कळवतो. पोरगी म्हणाली पाना ठेवा, पुढच्या टायमाला आणा."

दगडाबाईनं हनुवटी खाली ठेवली. मागे आई एकदम सरळ बसली.

"आरं येड्या," दगडाबाई म्हणाली, "मंग आनखी कसं कळवावं तिनं?"

मी वडिलांकडे बघितलं. ते फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होते. आईनं तसाच राहिलेला पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा दगडाबाईला दिला. मी गाडी चालू केली. हात अजून ठणकत होते, खिशातला पाना मांडीला टोचत होता, आणि मी सरळ करडीवरून निघालो. चाकांखाली ती कुरकुर फुटत गेली.